आलेपाकाची वडी : महाराष्ट्रातील खोकल्यावरील घरगुती उपचाराचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

खोकल्यावर आले, सुंठ, ज्येष्ठमध, लवंग, गूळ व खडीसाखर यांपासून घरच्या घरी वड्या व गोळ्या करून ठेवण्याची परंपरा महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आली आहे. प्रस्तुत शोधनिबंधात आलेपाकाच्या वडीला केंद्रस्थानी ठेवून या परंपरेचा मागोवा घेतला आहे. आयुर्वेदीय ग्रंथांतील अवलेह व गुटिका, स्वयंपाकघरातील पाकाचे तंत्र, साखरेचा बदलता बाजार, मुद्रित ग्रंथांतील विषयविभागणी आणि विसाव्या शतकातील कायदे या पाच अंगांनी विषयाची मांडणी केली आहे. वडीची कृती टिकून राहिली, तथापि ती कोणास, केव्हा व कोठवर द्यावी याविषयीचे घरातील स्त्रियांचे ज्ञान लेखनाबाहेर राहिले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आलेपाक, कास, अवलेह, गुटिका, शर्करा, गृहवैद्यक, आजीबाईचा बटवा.

१. प्रस्तावना

एखादे संकट विनासायास टळले, की मराठी माणूस 'सुंठीवाचून खोकला गेला' असे म्हणतो. या म्हणीत लोकव्यवहाराचे दोन पुरावे दडलेले आहेत. खोकला आला की सुंठ काढावयाची, हा उपचार म्हण रूढ होण्याच्या काळी इतका सर्वपरिचित होता की त्याचे स्पष्टीकरण देण्याची गरज भासली नाही. दुसरे असे की, सुंठ वाचली याचे समाधान या म्हणीत आहे. म्हणजे सुंठ ही जपून वापरावयाची, पदरमोड करून आणावयाची वस्तू होती. घरगुती उपचार फुकटचा असतो हा आजचा समज या म्हणीने काहीसा खोटा ठरतो.

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात राजकीय घडामोडी, धार्मिक चळवळी व शेतीव्यवस्था यांचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्या तुलनेने चुलीपुढील व्यवहार उपेक्षित राहिला. घरात कोणी आजारी पडले असता पहिला उपचार कोण करीत असे, त्यासाठी कोणती सामग्री साठवली जात असे आणि त्या उपचाराची मर्यादा कशी ठरवली जात असे, हे प्रश्न सामाजिक इतिहासाचे आहेत. आलेपाकाची वडी हे या प्रश्नांकडे पाहण्याचे एक लहानसे परंतु उपयुक्त साधन आहे. ती औषधाच्या डब्यात असते आणि फराळाच्या ताटातही असते. या दुहेरी स्थानामुळेच तिच्या इतिहासातून वैद्यक व पाककला यांच्यातील संबंध उलगडत जातो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

सदर अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) खोकल्यावरील वडी व गोळी यांची ग्रंथोक्त पूर्वपीठिका तपासणे; (२) ग्रंथोक्त कृती व स्वयंपाकघरातील कृती यांतील साम्य व भेद स्पष्ट करणे; (३) साखरउद्योग, मुद्रण व कायदा यांचा या परंपरेवर झालेला परिणाम पाहणे; (४) या उपचाराच्या मर्यादांचा विचार करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून वैद्यकग्रंथ, पाकग्रंथ, कायदे व प्रचलित घरगुती कृती यांची तौलनिक मांडणी केली आहे.

३. ग्रंथपरंपरेतील कास व त्यावरील गोड औषधे

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात कास, म्हणजे खोकला, हा स्वतंत्र अध्यायाचा विषय आहे. वातज, पित्तज, कफज, क्षतज व क्षयज असे त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. यांपैकी पहिले तीन साध्य मानले असून पुढील दोन गंभीर मानले आहेत. वाढू दिलेला कोणताही खोकला अखेर क्षयाकडे नेतो, असा इशाराही तेथे दिला आहे. प्राचीन वैद्यकाने खोकल्याला एकसंध रोग मानले नव्हते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

औषधांच्या यादीत साखरेचे स्थान मोठे आहे. राजयक्ष्म्याच्या अध्यायातील सितोपलादी चूर्ण आजही महाराष्ट्रात घरोघरी ओळखीचे आहे. त्यात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८ भाग, पिंपळी ४ भाग, वेलदोडा २ भाग व दालचिनी १ भाग असे उतरते प्रमाण असते. 'सितोपला' म्हणजेच खडीसाखर. औषधाचे नावच साखरेवरून पडले आहे. उसाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांचीही चरकाने श्रेणी लावली आहे. गूळ, मत्स्यंडिका, खंड व शर्करा अशा क्रमाने पदार्थ जसजसा निर्मळ होत जातो तसतसा तो अधिक शीत होतो, असे तेथे म्हटले आहे. कोरड्या खोकल्याला खडीसाखर आणि कफाच्या खोकल्याला गूळ, हा घराघरांतील भेद याच विचाराशी जुळणारा आहे.

शार्ङ्गधरसंहितेत औषधनिर्मितीच्या पद्धती नेमक्या शब्दांत आल्या आहेत. वटक, गुटिका, वटी, मोदक, वटिका, पिंडी अशी गोळीची अनेक नावे तेथे एकत्र दिली आहेत. आजची 'वडी' ही या वटीच्याच कुळातील आहे आणि 'मोदक' हा शब्द एकाच वेळी औषधाचा व नैवेद्याचा आहे. चूर्णाच्या चौपट साखर किंवा दुप्पट गूळ घ्यावा, असे गुटिकेचे प्रमाणही तेथे सांगितले आहे.

याच्या जोडीला दुसरा एक प्रवाह आढळतो. तो तोंडात धरून चघळावयाच्या गुटिकांचा होय. मुखरोगांच्या प्रकरणातील खदिरादी गुटिका व खोकल्यावरील लवंगादी वटी ही त्याची उदाहरणे होत. लवंगादी वटीचा पाठ लोलिंबराजाच्या 'वैद्यजीवन' या संस्कृत ग्रंथात आहे. लोलिंबराजाचा संबंध परंपरेने जुन्नरशी जोडला जातो व त्याचा काळ सोळावे-सतरावे शतक असा मानला जातो. लवंग, मिरे व बेहड्याची साल समभाग, त्या सर्वांइतका खैराचा कात आणि बाभळीच्या सालीच्या काढ्यात घोटून केलेली ही गोळी आठ घटकांत खोकला घालवते, असे कवीने म्हटले आहे. आठ घटका म्हणजे सुमारे सव्वातीन तास. वैद्यकवीच्या आत्मविश्वासाचा हा भाग सोडला तरी दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. या गोळीत साखरेचा कणही नाही. ती तुरट व तिखट आहे. तसेच हा ग्रंथ वैद्याने आपल्या प्रियेला उद्देशून रचला आहे. वैद्यकीय उपदेशासाठी घरातील स्त्री ही श्रोता म्हणून कल्पिली जाते, हे त्या काळातील गृहवैद्यकाच्या दृष्टीने सूचक आहे.

आलेपाकाच्या वडीत हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात. साखरेच्या पाकात औषधी द्रव्य मुरवण्याचे तंत्र अवलेहाकडून आले आणि ते तोंडात धरून हळूहळू विरघळू देण्याची रीत गुटिकेकडून आली.

४. आर्द्रकखंड आणि आलेपाक

ओल्या आल्यास संस्कृतात आर्द्रक व वाळवलेल्यास शुंठी म्हणतात. सुंठीची विश्वभेषज व महौषध ही पर्यायनावे तिच्याविषयीच्या विश्वासाची साक्ष देतात. आले वाळताना त्यातील जिंजेरॉल या तिखट घटकाचे काही अंशी शोगॉलमध्ये रूपांतर होते व शोगॉल अधिक तिखट असते, असे आधुनिक रसायनशास्त्र सांगते. सुंठ आल्यापेक्षा तीक्ष्ण लागते या अनुभवास त्यामुळे आधार मिळतो.

आले, साखर, तूप व दूध यांचा आर्द्रकखंड हा पाठ 'भैषज्यरत्नावली' या बंगालमधील ग्रंथात आहे. तेथे तो प्रामुख्याने शीतपित्ताच्या, म्हणजे अंगावर गांधी उठण्याच्या, प्रकरणात येतो. महाराष्ट्रात प्रचार असलेल्या 'योगरत्नाकर' ग्रंथातील सौभाग्यशुंठी ही बाळंतिणीसाठी आहे. म्हणजे आल्याच्या किंवा सुंठीच्या पाकाचे ग्रंथोक्त उपयोग अनेक आहेत. मराठी घरांनी मात्र आलेपाकाचे नाते विशेषकरून खोकला, घशाची खवखव व पावसाळ्यातील मंदाग्नी यांच्याशी जोडले. स्वयंपाकघराने ग्रंथातील कृती जशीच्या तशी उतरवून घेतली असे मानता येत नाही. उपलब्ध द्रव्य, हवामान व नित्याच्या तक्रारी पाहून घराने स्वतःची निवड केली.

द्रव्याची उपलब्धता हा येथे निर्णायक घटक होता. आल्याची लागवड उन्हाळ्याच्या अखेरीस होते आणि पीक साधारण आठ-नऊ महिन्यांत पक्व होते. त्यामुळे हिवाळ्यात भरपूर ओले आले मिळते व वर्षभरासाठी सुंठ साठवता येते. महाराष्ट्रात सातारा जिल्हा आल्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे आणि 'माहीम' ही येथील रूढ जात आहे. ज्या घरात ओले आले व साखर दोन्ही परवडत, तेथे वड्या थापल्या जात. ज्या घरात साखर परवडत नसे, तेथे सुंठ, गूळ व तूप यांची गोळी वळली जाई. ज्या घरात तेही नसे, तेथे भाजलेली लवंग, बेहड्याचे साल किंवा ज्येष्ठमधाची काडी दाढेत धरली जाई. खोकल्यावरील उपचारात अशी आर्थिक उतरंड होती, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

५. पाकाची परीक्षा : वैद्यशाळा व चूल

अवलेह सिद्ध झाला हे कसे ओळखावे, याची लक्षणे शार्ङ्गधराने दिली आहेत. पाकाला तार सुटावी, तो पाण्यात टाकला असता बुडून स्थिर राहावा, दाबला असता त्यावर बोटांच्या रेषांचा ठसा उमटावा आणि अपेक्षित गंध, वर्ण व रस प्रकट व्हावेत, अशी ही परीक्षा आहे. मराठी स्वयंपाकघरातील एकतारी, दोनतारी व गोळीबंद पाक यांची परीक्षा याहून निराळी नाही. अंगठा व तर्जनी यांमध्ये पाकाचा थेंब धरून तार पाहणे आणि वाटीभर पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी वळते का ते पाहणे, या क्रिया संस्कृत न शिकलेल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या. वैद्याने हे तंत्र चुलीकडून घेतले की चुलीने वैद्याकडून, याचा निवाडा करणे कठीण आहे. तथापि दोहोंची भाषा एक होती, एवढे निश्चित.

आलेपाकाची प्रचलित कृती साधी आहे. आले स्वच्छ धुऊन, साल खरवडून, किसून वा वाटून घेतात. त्यात आल्याच्या साधारण दुप्पट किंवा किंचित अधिक साखर व थोडे दूध घालून मिश्रण मंद आचेवर सतत ढवळतात. मिश्रण कडेने सुटू लागले व त्याचा गोळा होऊ लागला की तूप लावलेल्या ताटात थापून, कोमट असतानाच सुरीने रेघा पाडतात. काही घरांत वेलदोडा, काही घरांत मिरपूड किंवा केशर घालतात. साखरेऐवजी गूळ घेतल्यास वडी मऊ व काळसर होते.

या कृतीमागील रसायन पाहण्याजोगे आहे. पाणी आटत जाईल तसतसा पाकाचा उत्कलनबिंदू वाढतो. गोळीबंद अवस्था ११२ ते ११६ अंश सेल्सियसच्या सुमारास येते. ढवळत राहिल्याने थंड होताना साखरेचे बारीक कण तयार होतात, म्हणून वडी अपारदर्शक व तोंडात सहज विरघळणारी होते. कारखान्यातील काचेसारखी गोळी याहून बऱ्याच अधिक तापमानास, सुमारे १५० अंशांपर्यंत नेलेल्या पाकापासून होते आणि तिच्यात कण धरू नयेत म्हणून ग्लुकोजचा पाक मिसळतात. चुलीपाशी उभ्या असलेल्या स्त्रीजवळ तापमापक नव्हता. बुडबुड्यांचा आकार, उलथन्याला लागणारा जोर व वास यांवरून ती हाच निर्णय घेत असे.

प्रमाणाचा विचार केल्यास एक भेद मात्र जाणवतो. ओल्या आल्यात सुमारे चार पंचमांश पाणी असते. सुक्या द्रव्याच्या हिशेबाने पाहता घरगुती वडीतील साखर दहापट किंवा त्याहून किंचित अधिक होते. शार्ङ्गधराने ती चौपट सांगितली आहे. वडी औषधाकडून खाऊकडे किती झुकली, याचे हे एक माप म्हणता येईल. साखर स्वस्त होत गेल्याशिवाय हा बदल सार्वत्रिक होणे शक्य नव्हते.

६. साखरेचा बाजार व वडीचे बदलते रूप

साखर हा शब्दच औषध व व्यापार यांच्या प्रवासाची खूण आहे. संस्कृत 'शर्करा' फारसी व अरबीमार्गे युरोपीय भाषांत गेली. 'खंड' या शब्दापासून 'कँडी' हा शब्द तयार झाला. याहून उद्बोधक प्रवास 'फाणित' या शब्दाचा आहे. उसाच्या आटवलेल्या दाट रसाचे हे नाव फारसीत 'पानीद', अरबीत 'फानीद' व मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'पेनिडियम' झाले आणि तेथील औषधविक्रेते या नावाची ओढून पीळ दिलेली साखर खोकल्यावर देऊ लागले. आज परदेशी वळणाची वाटणारी खोकल्याची गोळी शब्दाने तरी याच भूमीशी जोडलेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशस व जावा येथील साखर आणि पुढे जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीतील बिटाची साखर हिंदुस्थानच्या बाजारात आली. या आयातीमुळे १८९९ मध्ये सरकारला विशेष जकात बसवावी लागली. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत विलायती कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार घालण्यात आला. ही साखर शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात, हा आक्षेप धार्मिक भावनेला भिडणारा होता. औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या वडीत कोणती साखर घालावी, हा प्रश्न अशा रीतीने राजकीय झाला. चळवळीचे आवाहन स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले ते अशाच वस्तूंमधून.

१९३२ च्या संरक्षक कायद्यानंतर देशी साखर कारखानदारी झपाट्याने वाढली. स्वातंत्र्योत्तर काळात विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला व सहकाराचे जाळे राज्यभर पसरले. एकेकाळी वैद्याच्या पुडीत मोजून मिळणारी साखर रोजच्या चहात आली.

याच काळात तयार गोळ्यांचा उद्योगही वाढला. मुंबईच्या उपनगरात १९२९ मध्ये सुरू झालेल्या पार्लेने गोळ्यांपासूनच आरंभ केला. वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यात १९३३ मध्ये स्थापन केलेल्या रावळगाव शुगर फार्मने १९४२ पासून गोळ्या बनवल्या. पेपरमिंट व लिमलेटच्या गोळ्या गावोगावच्या दुकानांतील बरण्यांत दिसू लागल्या. मुलाच्या तोंडात काहीतरी गोड ठेवून त्याची खोकल्याची उबळ शमवण्याचे जे काम वडी करीत असे, ते पैशा-दोन पैशांत बाजारातील गोळी करू लागली. आलेपाक नाहीसा झाला नाही. मिठाईच्या दुकानांत, बसस्थानकांवर व मुंबईच्या उपनगरी गाड्यांत तो विकला जाऊ लागला. मात्र विकणाऱ्याला घेणाऱ्याची प्रकृती ठाऊक नव्हती.

७. मुद्रित ग्रंथ व ज्ञानाची विभागणी

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० मध्ये व कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले. दुसऱ्या बाजूस शंकर दाजीशास्त्री पदे (१८६७-१९०९) यांनी 'आर्यभिषक्' या नावाने मराठीतून आयुर्वेदाचा प्रसार केला आणि १९०७ मध्ये नाशिक येथे वैद्यांच्या अखिल भारतीय संमेलनाचा पाया घातला. आयुर्वेदाला संघटित व प्रतिष्ठित रूप देण्याच्या दृष्टीने हे कार्य मोठे होते.

मुद्रणामुळे ज्ञान दूरवर पोहोचले, त्याचबरोबर त्याचे दोन कप्पे झाले. पाकग्रंथ रुची, प्रमाण व टिकाऊपणा सांगतो. वैद्यकग्रंथ दोष, रोग व अनुपान सांगतो. एकाच ताटातील वडीची अर्धी माहिती एका पुस्तकात व अर्धी दुसऱ्यात गेली. 'आजीबाईचा बटवा' या शब्दप्रयोगात हे दोन्ही कप्पे एकत्र होते. बटव्यातील सुंठ, वेखंड, जायफळ, मायफळ सहाणेवर किती वेढे उगाळावयाचे हे मुलाच्या वयावर, ऋतूवर व कोठ्यावर ठरत असे. हा हिशेब लिहून ठेवण्याचा नव्हता. तो सासूकडून सुनेकडे व आईकडून मुलीकडे हातानेच जाई. पुढे या बटव्याची कौतुकाने आठवण काढली गेली, परंतु त्यातील निर्णयशक्तीला ज्ञानाचा दर्जा क्वचितच दिला गेला.

कायद्याने ही विभागणी पक्की केली. १९४० च्या औषध कायद्यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधांचा समावेश झाला. १९५४ च्या कायद्याने चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर बंधने आली. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. फसव्या दाव्यांपासून ग्राहकाचे रक्षण करण्यासाठी ही बंधने आवश्यकच आहेत. त्यांचा एक परिणाम असा, की महिला बचतगटाने केलेला आलेपाक परवान्याच्या दृष्टीने खाऊ ठरतो आणि तोच पदार्थ औषधनिर्मितीच्या परवान्याखाली केल्यास औषध ठरतो. ताटातील वस्तू एकच राहते. तिच्याविषयी काय बोलता येईल हे परवान्यावर अवलंबून राहते.

८. उपचाराच्या मर्यादा

घरगुती उपचाराचा गौरव करताना त्याच्या मर्यादा दडवणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने मृत्यू पावल्या. क्षयाचा जंतू त्यापूर्वी पाच वर्षे, १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी शोधला होता. परंतु त्यावरील प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ मध्ये सापडले. त्या काळात वडी, काढा व हवापालट यांवाचून अनेक कुटुंबांजवळ दुसरा मार्ग नव्हता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतही घरगुती उपाय अपुरे पडले. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतल्याचे अंदाज आहेत.

आज क्षयावर औषध आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्याची तपासणी करावी, असा क्षयरोग कार्यक्रमाचा स्पष्ट निर्देश आहे. अशा वेळी गोड वडीने मिळणारा तात्पुरता आराम निदानास उशीर करू शकतो. साखरेने लाळ सुटते, घसा ओला राहतो व उबळ काही काळ शमते. फुफ्फुसातील रोगावर तिचा इलाज चालत नाही. मधुमेही व्यक्तीस वडी देताना साखरेचा विचार करावा लागतो. लहान मुलाच्या घशात कडक गोळी अडकण्याचा धोका असतो व एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये असे वैद्यकशास्त्र सांगते.

मात्र बाटलीबंद औषध म्हणजे सुरक्षितता, हे समीकरणही इतिहासाने खोटे ठरवले आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले व न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० बालकांच्या मृत्यूचा संबंध भारतात बनलेल्या दूषित पातळ औषधांशी जोडला गेला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला; त्यांपैकी अनेकांवर नागपूर येथे उपचार सुरू होते. त्यानंतर केंद्र शासनाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊ नयेत व पाच वर्षांखालील मुलांना ती सामान्यतः टाळावीत, अशी सूचना काढली. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच बालकांच्या साध्या खोकल्यावर घशाला आराम देणारे निरुपद्रवी घरगुती उपाय पुरेसे असल्याचे मत मांडले होते. या पार्श्वभूमीवर घरगुती परंपरेचा अभ्यास केवळ स्मरणरंजनाचा विषय राहत नाही.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) आलेपाकाची वडी ही अवलेह व मुखात धरावयाची गुटिका या दोन ग्रंथोक्त प्रवाहांच्या संगमातून आकारास आलेली दिसते. तिचा खोकल्याशी जोडलेला विशेष उपयोग ही मराठी घरांची स्वतंत्र निवड आहे.

(२) पाकाची परीक्षा वैद्यशाळेत व चुलीवर एकच होती. स्त्रियांचे हे कौशल्य तंत्रज्ञानाच्या इतिहासात समाविष्ट होण्यास पात्र आहे.

(३) साखर स्वस्त झाल्याने वडी सार्वत्रिक झाली व त्याच कारणाने ती औषधाकडून खाऊकडे झुकली.

(४) मुद्रण व कायदा यांनी कृती व उपचार यांची फारकत केली. कृती पुस्तकांत सुरक्षित राहिली. कोणत्या खोकल्याला वडी द्यावी व कोणत्या खोकल्याला वैद्याकडे न्यावे, हा विवेक लेखनाबाहेर राहिला.

चरकाने खोकल्याचे पाच प्रकार सांगितले ते याच विवेकासाठी. अनुभवी आजीही उबळ ऐकून, कफ पाहून व कपाळावर हात ठेवून असाच भेद करीत असे, आणि तिची वडी त्या निर्णयानंतर येई. आजच्या घरात आल्याचा कीस व साखर सहज मिळते, परंतु हा निर्णय करणारे माणूस नेहमी जवळ नसते. ग्रामीण व नागरी भागांतील वृद्ध स्त्रियांकडून वड्यांच्या कृतींबरोबर त्या देण्याचे व थांबवण्याचे निकषही नोंदवून घेणे, हे कार्य इतिहास, गृहविज्ञान व आयुर्वेद या तिन्ही विभागांनी मिळून हाती घ्यावयास हवे. अशा नोंदी सांगणाऱ्या पिढीच्या हयातीतच होऊ शकतात, म्हणून या कामास विलंब परवडणारा नाही.